पचमढीच्या अलीकडेच थांबा: नागपूरहून देवगड, तामिया आणि पातालकोट

शनिवारी पहाटे नागपूरहून निघालेल्या कितीतरी गाड्या सावनेर, सौसर, छिंदवाडा, तामिया करत दुपारच्या जेवणाला पचमढीत पोचतात. वाटेतलं पठार, घाट, खोल दऱ्या हे सगळं काचेबाहेरून मागे पडत जातं. मग पचमढीत जिप्सीची रांग, धूपगडावर सूर्यास्ताची गर्दी, आणि रविवारी त्याच रस्त्याने धावपळीत परत. माझं सांगणं साधं आहे. एखादी खेप पचमढीसाठी नव्हे, तर तिच्या अलीकडच्या पठारासाठी काढा. तीन दिवस, दोन मुक्काम, आणि गाडीचं नाक पचमढीकडे वळवायची घाई नाही.

हा मुलूख आपल्याला परका नाही. नागपूरच्या नळाला येणारं पेंच आणि कन्हानचं पाणी याच छिंदवाड्याच्या डोंगरांतून निघतं. 1702 साली राजापूर बारसाच्या बारा वाड्या एकत्र करून ज्याने नागपूर वसवलं, तो बख्त बुलंद शाह देवगडचा गोंड राजा. आणि 1817 ची सीताबर्डीची लढाई हरल्यावर, पुढच्या वर्षी इंग्रजांच्या कैदेतून निसटलेले नागपूरचे राजे आप्पासाहेब भोसले आसऱ्याला गेले ते याच महादेव डोंगरांत, इथल्या गोंडांकडे. नागपूरच्या इतिहासाचा बराचसा भाग या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उघड्यावर पडलेला आहे, आणि तिथे तिकिटाची रांग नाही.

केव्हा जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा सरळ, सोपा काळ. गवत पिवळं पडायला लागतं, ओढ्यांना पाणी असतं, दरीतली हवा स्वच्छ असते. डिसेंबर-जानेवारीत तामियाला रात्रीची थंडी नागपूरच्या थंडीपेक्षा चांगलीच कडक असते. कानटोपी आणि जाड स्वेटर घ्या. दुचाकीवर जात असाल तर हातमोजे विसरलात की घाटात बोटं ब्रेकवर वळत नाहीत.

ऑगस्ट-सप्टेंबरचं रूप वेगळंच. कड्यांवरून धबधबे सुटतात, शेतात मका उभा असतो, ढग रस्त्यावर उतरतात. पण दरीत उतरायची पायवाट तेव्हा शेवाळलेली असते आणि ओढे तासाभरात फुगतात. पावसाळ्यात गेलात तर कड्यावरूनच बघा, खाली उतरायचा हट्ट करू नका. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो, पळस पेटलेला असतो, पण दुपारी ऊन भाजून काढतं आणि पहाटे मोहाच्या झाडाखाली अस्वलं येतात. त्या दिवसांत उजाडायच्या आधी एकट्याने जंगलाच्या कडेला फिरायला जाऊ नका. गावकरीही मोहफुलं वेचायला जाताना सोबत बघूनच जातात. मेच्या वाटेला न गेलेलं बरं.

गाडी आणि सामान

साधी हॅचबॅक पुरते, फक्त टायर गुळगुळीत झालेले नकोत. निघायच्या आदल्या दिवशी स्टेपनीची हवा बघा. चारही चाकांची हवा सगळे बघतात, पाचव्याची कुणी बघत नाही. जॅक आणि पाना खरंच डिकीत आहेत ना, तेही हाताने तपासा. ब्रेक ऑइल, वायपर आणि पुढचे दिवे नीट हवेत. पिवळे फॉगलॅम्प असतील तर उत्तम. लायसन्स, आरसी, विमा, पीयूसी जवळ ठेवा. भाड्याची गाडी असेल तर मध्य प्रदेशात जायचा परवाना आणि कर भरलाय का, हे गाडीवाल्याला बुकिंग करतानाच विचारा, सीमेवर नाही.

पेट्रोल-डिझेल छिंदवाड्यात टाकीभर घ्या. रोख पैसे ठेवा, त्यातही दहा-वीस-पन्नासच्या नोटा. तामियाच्या पुढे मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते, आणि दरीत उतरलं की बहुतेक ठिकाणी नसतेच. म्हणून नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि मुक्कामाच्या घरचा नंबर कागदावर लिहा. घरी सांगून ठेवा की अमक्या दिवशी संध्याकाळपर्यंत फोन लागणार नाही, म्हणजे मागे कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

माणशी तीन लिटर पाणी, ओआरएसच्या पुड्या, क्रेप बँडेज, स्वतःची नेहमीची औषधं, टॉर्च, तळ पकड घेणारे बूट. स्पोर्ट शूज चालतात, सँडल नाही. आणि अत्तर, सेंट, सुगंधी डिओ यांतलं काहीही दरीच्या दिवशी अंगाला लावू नका. कारण पुढे येईलच.

पहिला दिवस: सावनेर, सौसर, घाट आणि देवगड

साडेपाचला घर सोडा. तर्री पोहे खाऊनच निघायचं असेल तर पहाटे उघडणारी टपरी आदल्या दिवशीच ठरवून ठेवा, शोधत बसलात तर तासभर तिथेच जातो. शहराबाहेर पडलं की सावनेरपर्यंत ट्रकची वर्दळ असते. सावनेरला बैतूलचा रस्ता डावीकडे फुटतो, आपल्याला छिंदवाड्याचा धरायचा आहे. नागपूर ते छिंदवाडा हे अंतर साधारण 125-130 किलोमीटर, आणि न थांबता तीन तासांचं काम.

सावनेर-सौसर हा पट्टा संत्र्याचा. आंबिया बहाराचा माल ऑक्टोबर ते डिसेंबर, मृगाचा फेब्रुवारी ते एप्रिल. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला बागवानच क्रेट घेऊन बसलेले दिसतात. आंबियाचं फळ थोडं आंबट, मृगाचं गोड. घ्यायचं तर परतीच्या दिवशी घ्या, नाहीतर तीन दिवस डिकीत उकडून निघतं. सौसर आता 2023 मध्ये झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यात आहे. राज्य बदललं तरी भाषा बदलत नाही. दुकानाच्या पाट्या हिंदीत, गिऱ्हाइकी मराठीत. निजलेल्या हनुमानाचं जाम सावळीचं देऊळ इथून जवळच आहे. मंगळवार-शनिवार सोडून गेलात तर दर्शन निवांत होतं.

सौसर सोडून थोडं पुढे गेलं की सिल्लेवानीचा घाट सुरू होतो. सागाचं दाट जंगल, वळणांमागे वळणं, आणि मधेच चढणीवर दम खात थांबलेला एखादा भरलेला ट्रक. इथे ओव्हरटेक करायची घाई नको. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा, आणि येताना उतारावर ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं. नुसत्या ब्रेकवर गाडी सोडली की खाली येईपर्यंत ब्रेक तापतात. वळणावर माकडं बसलेली असतात. त्यांना बिस्किटं टाकू नका. खायची चटक लागलेली माकडं रस्त्यावरच ठाण मांडतात आणि गाड्यांखाली येतात.

घाट चढून गेलात की हवा बदललेली लगेच कळते. उमरानाल्याच्या आसपास मोहखेडचा रस्ता विचारा आणि हमरस्ता सोडून पश्चिमेला वळा. देवगड त्याच बाजूला. छिंदवाड्याहून थेट आलात तर साधारण 40 किलोमीटर पडतं. हा फाटा अनेकांकडून सुटतो, कारण छिंदवाडा जवळ आल्याचं दिसतं आणि पाय ॲक्सिलरेटरवरून निघत नाही. पण या सहलीत एकच जागा बघायची झाली, तर मी देवगड सांगेन.

अकबराच्या काळात जाटबा नावाचा गोंड राजा इथून राज्य करत होता. त्याच्याच वंशातला बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी गेला, मुसलमान झाला, परत येऊन राज्य वाढवलं, आणि डोंगरावरची राजधानी पुरेनाशी झाली तसं खाली सपाटीवर नाग नदीच्या काठी शहर वसवलं. ते आपलं शहर. गडावर उभं राहून चहूबाजूंच्या दऱ्या बघितल्या की हा निर्णय पटतो. लढायला जागा अभेद्य आहे, पण बाजारपेठ वाढवायला इथे वाव नाही.

चढण फार मोठी नाही. सावकाश चाललात तर लहान मुलं आणि पन्नाशीची माणसंही चढतात. वर दरवाजा, नगारखाना, कचेरीच्या भिंती, मशीद, आणि मोतीटाका नावाचं पाण्याचं टाकं. या टाक्याजवळ जरा वेळ काढा. गडाच्या माथ्यावर पाणी कसं अडवलं, उतार कुठून कुठे वळवला, हे जमिनीकडे नीट बघत चाललं की उमगत जातं. खाली गावाच्या परिसरात जुन्या विहिरी आणि बावड्या आहेत. लोक ‘आठसौ कुएँ, नौ सौ बावडी’ म्हणतात. आकडा लोककथेचा, पण बावड्या खऱ्या. अलीकडच्या काळात त्यांतल्या अनेकांचा गाळ काढून त्या मोकळ्या केल्या आहेत. एखाद्या बावडीत पायऱ्या उतरून खाली जा. बाहेर ऊन तापलेलं असताना आत दगडाला हात लावला तर गारवा लागतो, आणि दगडांचे थर जवळून दिसतात.

गडावर दुकान नाही, पाणी विकत मिळायचं नाही, सावलीही थोडीच. सकाळी साडेनऊ-दहाच्या आत चढायला लागा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गवत कमरेइतकं असतं, तेव्हा काठी आपटत चाला आणि पडक्या भिंतींच्या फटीत हात घालू नका. भिंतींवर चढून फोटो काढणाऱ्यांना अडवा. तीनशे-चारशे वर्षं उभी असलेली भिंत एका फोटोसाठी ढासळायला नको. गावातल्या एखाद्या जाणत्या माणसाला सोबत घेतलंत तर चार गोष्टी जास्तीच्या कळतील. त्याच्या दिवसाची मजुरी आधी विचारून ठरवा.

दुपारी छिंदवाड्यात जेवा. आदिवासींचं जगणं समजून घ्यायचं असेल तर इथलं बादल भोई संग्रहालय बघा. 1954 पासूनची ही संस्था. नाव परासिया भागातल्या स्वातंत्र्यसैनिकाचं. उद्या ज्यांच्या गावात जायचंय, त्या भारिया आणि गोंडांची घरं, अवजारं, दागिने इथे आधी बघून घेतलेले असले की तिथे माणूस कमी बावळट प्रश्न विचारतो. पुढे परासियाचा कोळशाचा पट्टा लागतो. रस्त्यावर कोळशाचे ट्रक आणि काळी धूळ. काचा वर करून तेवढा भाग सरळ पार करा, थांबण्यासारखं फारसं काही नाही. छिंदवाडा ते तामिया साधारण 55 किलोमीटर. अंधार पडायच्या आत पोचायचं, हे दुपारच्या जेवणाला बसतानाच ठरवून ठेवा.

मुक्काम कुठे करायचा

तामिया हे कड्याच्या टोकावर वसलेलं लहानसं गाव. सरकारी विश्रामगृहाच्या आवारातून दिसणारा सूर्यास्त या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. इथे राहायची सोय होते, पर्यटन खात्याचं हॉटेलही आहे. पण माझा कल गावातल्या घरी राहण्याकडे आहे. तामिया तालुक्यातल्या सावरवानीसारख्या गावांमध्ये मातीच्या भिंतींची, कौलारू घरं पाहुण्यांसाठी नीट केलेली आहेत. स्वच्छ खाट, स्वच्छ संडास, घरचं जेवण. पैसा थेट त्या घरात जातो. बुकिंग आधी करा, आणि पोचायची वेळ खरी सांगा. तुम्ही आठला येतो म्हणून दहाला पोचलात, तर चुलीजवळ कुणीतरी बाई दोन तास जागी बसलेली असते.

फोनवरच जेवणाचं सांगून ठेवा: मक्याची भाकरी, कुटकीचा भात आणि गक्कड-भरता यांतलं काय जमेल? हे पदार्थ हॉटेलच्या मेनूकार्डावर शोधून मिळत नाहीत. न सांगता गेलात तर पाहुण्यांसाठी म्हणून पनीर आणि तवा रोटी पुढे येते, आणि त्यात त्यांची चूक नाही.

चुलीवरचं

कुटकी हे अगदी बारीक दाण्याचं भरडधान्य, डोंगरउतारावरच्या हलक्या जमिनीत पावसाच्या पाण्यावर येतं. जात्यावर भरडून, सुपात पाखडून टरफल काढायचं हे बायांचं कष्टाचं काम. भात करताना आधी आधण ठेवतात, उकळी फुटली की धुतलेली कुटकी सोडतात, एकदा ढवळून झाकण घालतात आणि जाळ मागे ओढतात. गरम असताना भात जरा चिकट लागतो, पाच-सात मिनिटं थांबलं की दाणा मोकळा होतो. म्हणून ताटात पडल्या पडल्या तुटून पडू नका. वर बरबटीची (चवळीची) किंवा तुरीची पातळ दाळ, बाजूला पाट्यावर वाटलेली टमाटर-मिरचीची चटणी. बस, एवढंच. सावजीच्या तिखटाला सरावलेल्या जिभेला पहिला घास मिळमिळीत वाटेल, तिसऱ्या घासाला धान्याची चव लागायला लागते.

गक्कड म्हणजे जाड कणकेची, तळहातावर थापलेली मोठी बाटी, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेली. आपल्या वऱ्हाडी रोडग्याची आठवण येते, पण रोडग्यात घड्या आणि थर असतात, गक्कड एकसंध असतो. त्याच निखाऱ्यात वांगी, टमाटर, लसूण खुपसून ठेवतात. भाजलं की राख फडक्याने झटकायची, गक्कड दोन्ही हातांनी फोडायचा, वाफ निघाली की तूप ओतायचं. सालं काढलेली वांगी हिरव्या मिरचीसोबत कुस्करून कच्चं तेल घातलं की भरता तयार. चार जणांना एक वांगं कधीच पुरत नाही, मोठी तीन तरी सांगा.

पावसाळ्यात गेलात तर छिंदवाड्याच्या रस्त्यावर जागोजागी निखाऱ्यावरचे भुट्टे मिळतात. हा मक्याचा जिल्हा आहे, आणि शेतातून तासाभरापूर्वी आलेलं कणीस कसं गोड लागतं ते इथे कळतं.

मोहाबद्दल एक स्पष्ट सांगतो. मोह हे या घरांतलं अन्न आहे, औषध आहे, देवाचा नैवेद्यही आहे. गावात पाय ठेवताच ‘दारू कुठे मिळेल’ म्हणून विचारणारे शहरी पाहुणे या लोकांना नकोसे झालेत. तो प्रश्न विचारू नका, आणि बाटल्या भरून राज्याची सीमा ओलांडायचा विचारही नको, तो सरळ गुन्हा आहे. वाळलेली मोहफुलं मात्र जरूर घ्या. भाजून, तिळासोबत कुटून लाडू होतात.

दुसरा दिवस: पातालकोट

तामियाहून छिंदीमार्गे रातेडच्या कड्यावर या. साधारण 20-25 किलोमीटरचा रस्ता, शेवटचा भाग अरुंद. सकाळी साडेसातच्या आत कड्यावर असावं. पातालकोट म्हणजे सुमारे 79 चौरस किलोमीटरची, चहूबाजूंनी कड्यांनी वेढलेली दरी. कडा ते तळ हजार-बाराशे फुटांहून जास्त. आत भारिया आणि गोंडांची डझनभर गावं: रातेड, चिमटीपूर, कारेआम, गैलडुब्बा, घटलिंगा आणि इतर. भारिया ही अतिमागास म्हणून विशेष नोंद असलेली जमात, आणि 2019 मध्ये या दरीला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आहे.

कड्यावर उभं राहिलं की खाली आधी धुकं दिसतं. मग ऊन समोरच्या भिंतीवरून हळूहळू खाली सरकतं, झाडांचे शेंडे सुटे होतात, एखाद्या घराच्या कौलांमधून धूर वर येताना दिसतो, आणि कोंबड्याची बांग खालून, पायांच्या पार खालून ऐकू येते. तळातल्या काही वाड्यांवर सूर्य उशिरा पोचतो आणि लवकर मावळतो. हीच गोष्ट तुमच्या वेळापत्रकाची: दरीत दिवस लहान असतो.

एक गोष्ट इथेच ध्यानात घ्या. काल ज्या पठारावरून आलात तिथलं पाणी पेंच-कन्हानमधून वैनगंगेत, पुढे प्राणहिता-गोदावरीत आणि शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. समोर तळाशी दिसणारी दूधी नदी मात्र नर्मदेला मिळते आणि अरबी समुद्राकडे जाते. एका दिवसाच्या प्रवासात तुम्ही भारताचा जलविभाजक ओलांडलेला असतो.

उतरायचं कसं? काही गावांपर्यंत आता गाडीचा रस्ता खाली गेला आहे, पण पायवाटेने उतरण्यातच खरी मजा आहे, आणि गाडीने गेल्यावर दरीची खोली कळत नाही. वाटाड्या घ्याच. इथे वाटा फुटतात, गुरांच्या वाटा माणसांच्या वाटांसारख्याच दिसतात, आणि फोन लागत नाही. मुक्कामाच्या घरातून आदल्या रात्रीच माणूस ठरवा. आठला उतरायला लागा, साडेबारा-एकपर्यंत खाली राहा, आणि काहीही झालं तरी दोनच्या आत चढायला सुरुवात करा. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा. उतरताना पाऊल आडवं टाका, गुडघे जरा वाकलेले ठेवा, वाळलेल्या सागपानांवर पाय देऊ नका. पानांखाली बारीक खडी असते आणि पाय सर्रकन जातो. गुडघ्याचं दुखणं असेल, तर कड्यावरच बसा आणि खालचं बघा. त्यातही दिवस सार्थकी लागतो.

आता अत्तराचं कारण. या कड्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. सुगंध, धूर, मोठा आवाज किंवा ड्रोनची घरघर यांनी ती उठतात. वाटाड्याने वरती बोट दाखवून गप्प राहायची खूण केली, तर गप्प राहा. माशा उठल्याच तर हात झटकू नका, तोंड कपड्याने झाकून झाडीत शिरा. स्पीकर लावून दरीत उतरणाऱ्यांना तर मी हात जोडून सांगेन, तो घरीच ठेवा.

साप चावला तर गावातल्या उपचारात वेळ घालवू नका. चावलेला अवयव हलू न देता, घट्ट दोरी न आवळता, शक्य तितक्या लवकर तामियाचा दवाखाना आणि पुढे छिंदवाडा गाठा. रेंज येताच 108 ला फोन करा.

चिमटीपूरच्या बाजूला राजा खोह नावाची मोठी कपार आहे. नागपूरचा राजा इंग्रजांपासून पळून इथे लपला होता, असं गावकरी सांगतात. आप्पासाहेब नेमके याच कपारीत राहिले असं छातीठोक सांगता येत नाही, पण ते या डोंगररांगेत आले आणि गोंडांनी त्यांना लपवलं, हे इतिहासात आहे. दोनशे वर्षं ती आठवण एका दरीतल्या लोकांनी जपली, हे मला फार मोलाचं वाटतं.

गावात वागायचं कसं, यावर मी अडून बसतो. अंगणात शिरायच्या आधी बाहेरून आवाज द्या. गोंड वस्तीत ‘जय सेवा’ म्हटलंत तर चेहरे खुलतात, ‘राम राम’ सगळीकडे चालतं. विचारल्याशिवाय फोटो नाही, विशेषतः बायकांचे आणि मुलांचे. मुलांना चॉकलेटं आणि पैसे वाटू नका. पुढच्या पाहुण्याच्या गाडीमागे ती रस्त्यावर धावतात. द्यायचंच असेल तर शाळेत गुरुजींकडे वह्या-पेन्सिली द्या. जडीबुटी जाणणाऱ्या वैदूला इथे भुमका म्हणतात. त्याच्याशी बोला, त्याचं ऐका, पण मुळ्या उपटून मागू नका. बाहेरच्या मागणीपायी या दरीतल्या कितीतरी वनस्पती ओरबाडल्या गेल्या आहेत. प्लास्टिकची प्रत्येक पिशवी वर परत आली पाहिजे. खाली कचरागाडी येत नाही.

दुपारचं जेवण खालच्या एखाद्या घरी होत असेल तर वाटाड्याला सकाळीच निरोप धाडायला सांगा. नाहीतर शिदोरी बांधून घ्या: मक्याच्या भाकरी, ठेचा, कांदा, गूळ. नदीकाठी बसून खा, पण डोहात उड्या मारू नका. तळाचे दगड निसरडे असतात आणि खोलीचा अंदाज येत नाही.

चढून वर आल्यावर पाय थरथरतात. लगेच गाडी चालवू नका. छिंदीत चहा घ्या, अर्धा तास बसा, मग निघा.

तिसरा दिवस

इथे दोन वाटा. पचमढी बघायचीच असेल तर देलाखारी, मटकुली करत तामियाहून साधारण 80 किलोमीटर. धूपगड, 1352 मीटर, सातपुड्याचं सर्वांत उंच शिखर. तिथल्या बऱ्याच ठिकाणी स्वतःची गाडी चालत नाही, स्थानिक जिप्सीच करावी लागते. त्यासाठी एक मुक्काम वाढवावा लागेल. एका दिवसात पचमढी उरकून नागपूर गाठायचा बेत आखू नका. थकलेला चालक, घाट आणि अंधार हे तिन्ही एकत्र येऊ देऊ नयेत.

मी असेन तर तिसऱ्या दिवशी पठारावरच रेंगाळेन. सकाळी उशिरा उठायचं, छिंदीचा किंवा तामियाचा आठवडी बाजार असेल तर तिथे जायचं. कोणत्या वारी कुठे भरतो ते घरमालकांना विचारा. उन्हाळ्यात गेलात तर नवी चारोळी मिळते, एरवी कुटकी, कोदो, बरबटी, गावरान लसूण. चारोळी घेताना दोन दाणे चावून बघा, खवट असेल तर लगेच कळतं. भावात फार घासाघीस करू नका. एकेक फळ फोडून गर काढायला किती वेळ जातो ते एकदा शेजारी बसून बघा, मग दर महाग वाटत नाही. नागपूरला आणल्यावर हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. कुटकी मात्र कोरड्या डब्यात, कडुलिंबाचा पाला घालून ठेवा.

घरमालकांचा हिशेब निघायच्या आदल्या रात्रीच रोखीत चुकता करा, वाटाड्याचे पैसे त्याच्याच हातात द्या. जेवण आवडलं असेल तर ते बाईंना स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन सांगा.

तामियाहून अकराला निघालात की एकच्या सुमाराला छिंदवाडा, तिथे जेवण, आणि चारच्या आत सिल्लेवानीचा घाट उतरायचा. हिवाळ्यात साडेपाचनंतर घाटात उजेड झपाट्याने जातो आणि समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे डोळ्यांवर येतात. घाट उतरलात की सौसरला चहा, पुढे बागेच्या कडेला थांबून संत्र्यांचं एक क्रेट. वरच्या थरातली मोठी फळं बघून भुलू नका, क्रेट हलवून खालचीही बघून घ्या. सावनेरच्या पुढे शहराची वर्दळ लागते, तिथे तासभर जास्तीचा धरा.